फटीतला बूट

सव्वा एक. खोली चार. दार उघडं, फटीत बूट.
सूचना दिली. नकार.

ही माझीच अक्षरं, उजवीकडे कललेली,
घाईत असल्यासारखी.
खरं तर कोइवुलात रात्री कसलीच घाई नसते.
बाहेर बर्च, बर्फ, लाकडांची शेड.
आत झोपेचं सोंग घेतलेली सात पोरं
आणि मी, राइमो, पहाटेपर्यंत कॉफीवर.

एकतीस रात्री मी तो बूट बाजूला केला.
एकतीस वेळा तो परत आला.
डावा, नेहमी डावाच, नाडी नसलेला.
नाड्या आम्ही पहिल्याच दिवशी काढून घेतो.

एमेलीच्या फाइलमध्ये चौदा पानं:
शेजाऱ्याची गाडी, शाळेची काच,
तीनदा पळाला, तिन्हीदा रात्री,
तिन्हीदा घराच्याच वाटेवर सापडला,
एकदा तर उणे वीसमध्ये, मोजे ओले.
समासात कुणीतरी लिहिलंय:
धोक्याची जाणीव नाही.

मग नव्या बाई आल्या, सिर्का.
म्हणाल्या, आईबापांना भेटीच्या खोलीत बसवून
बिस्किटं चारणं आता पुरे.
आत येऊ द्या त्यांना. स्वयंपाकघरात. वहीपर्यंत.
आम्ही जुनी माणसं एकमेकांकडे बघत राहिलो.
वहीत आजवर कुणी पाहुणा आला नव्हता.

मार्केत्ता शनिवारी आली, दोन बस बदलून.
गाडी चालवायला तिला मनाई आहे;
का, ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं.
सोबत धाकटी पिह्ला,
फडक्यात गुंडाळलेला काळा पाव.
मायलेकांनी बटाटे सोलले, सोलाण्यानं,
सुऱ्या कुलपात असतात.
दोन तासांत तीन वाक्यं:
मीठ कुठंय.
जाड सोलतोयस.
गोळ्या घेतल्यास का.
हे तिसरं आईचं नव्हतं,
लेकाचं होतं,
आणि ते माझ्या ध्यानात आलं फार उशिरा.

जेवणानंतर मी वही तिच्यापुढे सरकवली.
ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली.
बूट. नकार. बूट. बूट. नकार.
मग तिनं चष्मा काढला.

"मला फिट येतात. रात्रीच्या.
हा सात वर्षांचा असताना मी न्हाणीघरात पडले.
त्याच्या खोलीचं दार बंद होतं.
त्याला सकाळपर्यंत ऐकूच गेलं नाही.
तेव्हापासून हा बूट लावून झोपतो.
झोपेतही कानोसा घेतो हो तो."

इथून त्यांचं घर नव्वद किलोमीटर.
एवढ्या लांबून पोरगं कान देऊन पडलेलं
आणि मी तो कान रोज रात्री
पायानं बाजूला सारत होतो.

मी पेन पुढे केलं, खोडा म्हटलं.
"सरकारी कागद आहे," म्हणाली, खोडेना.
मग मीच खोडला, शेवटचा नकार, एकच.
बाकीचे तसेच राहू दिलेत.
माझे आहेत ते.

आता रात्री दहाला तिचा फोन येतो, सकाळी सहाला पुन्हा.
एमेली नुसतं "हं" म्हणतो आणि ठेवतो.
बूट अजून असतो. मी ओलांडून जातो.
गेल्या गुरुवारी मात्र तो आडवा पडला होता,
दार जवळजवळ मिटलेलं,
आणि आतून घोरणं, चांगलं मोठ्यानं.
मी ते वहीत लिहिलं नाही.
लिहिलं की त्याचं पुन्हा काहीतरी होतं.

पण त्या शनिवारचं एक राहिलंच.
निघताना पिह्लानं माझी बाही ओढली.
"दादा नाही ना घरी, म्हणून आता मी लावते बूट.
माझा छोटा आहे. दार त्याला ढकलून देतं."

सहा वर्षांची.
तिच्या नावाची फाइल अजून कुणी उघडलेली नाही.

सिर्काबाईंनी तिथल्या तिथे फोन उचलला,
कुणाकुणाला लावला.
बस फाटकाशी उभी होती.
मी खाली वाकलो
आणि पोरीची सुटलेली नाडी बांधली.
मला दुसरं काही सुचेना.